नाचाची धून

लढाईच्या काळात पुण्याच्या कँपात गोऱ्यांच्या नाचाला स्विंग, म्हणजे त्यांचं विलायती नाचाचं संगीत, वाजवणारे आम्ही बारा जण होतो. आता सोलापुरात लग्नं वाजवणारे चौघं उरलोय. आमच्यातला कुणी गेला, की बाकीच्यांनी त्याच्या दारात तीच जुनी नाचाची धून वाजवायची आणि धुनेतली त्याच्या वाद्याची जागा मोकळी सोडायची. एरवी त्या धुनेला कुणी हात लावत नाही.

महिनाभर मी अंथरुणाला खिळलोय. माझा ट्रम्पेट सध्या माझ्या हाताखाली शिकलेला येडू वाजवतो. आज शेजारच्या खोलीत त्यानं बाकीच्या तिघांबरोबर लग्नाची गाणी झोकात वाजवली. मग ती धून सुरू झाली.

"कोण गेलं गं?" मी बायकोला विचारलं.

"कुणीबी न्हाय," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "तालीम हाय नुसती."

ट्रम्पेटची जागा आली. येडू थांबला.