नवऱ्याची मेणबत्ती

मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. दफनभूमीतल्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या पेटल्या होत्या, एक सोडून. कार्मेलीननं नवऱ्याच्या कबरीवर झेंडू वाहिले होते, पण मेणबत्ती तशीच मुठीत धरून ठेवली होती.

"लावा की, मावशी," कबरींवर पवित्र पाणी शिंपडत आलेले तरुण फादर म्हणाले. "संत पौल सांगतात, प्रत्येकाचं काम अग्नीनं पारखलं जाईल. गवत, पेंढा असेल ते जळेल, माणूस मात्र वाचेल. ती आग म्हणजेच शुद्धिस्थान. आपण मेणबत्ती लावून प्रार्थना केली की तो तिथून लवकर सुटतो."

"सुटून कुठं जातो?"

"स्वर्गात."

तिनं शेजारच्या लहान कबरीकडं पाहिलं. लेकीला चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी शिवलेल्या पांढऱ्या झग्यातच पुरलं होतं. "आणि ही?"

"ती तर थेट स्वर्गात. लेकराचं काय पाप असणार?"

"बाप पिऊन आला की ती तांदळाच्या पिंपामागं लपायची, फादर. शेवटच्या तापातही त्याची पावलं वाजली की अंग चोरायची."

फादरांनी लहान कबरीवर पाणी शिंपडलं. "आगीतून निघालेला माणूस पहिल्यासारखा राहत नाही, मावशी. त्याचं पिणं, मारणं, सगळं तिथं जळून जातं."

"जळत असेल. पण हे तिला कोण सांगणार? पावलं तर तीच वाजणार."

तिनं मेणबत्ती फादरांच्या हातात ठेवली.

"मी मेले की लावा ही. मला आधी पोहोचू दे."