चालती गिरणी

तिसरं बेरिंग जळालं तेव्हा खाजामियाँनं हातातला पाना खाली ठेवला आणि कपाळ पुसलं. महिन्यात तिसऱ्यांदा तो निलंग्याहून आला होता. इंजिन एकच, दुखणंही एकच.

"काकू, मशीन तुमच्यावर रुसून राहिली," तो म्हणाला.

"रुसायला ती काय माझी सून हाय?" केवळाबाई म्हणाली. "कारण सांग. सांगता येत नसंल तर पाना इथंच ठेव न् पंक्चरं काढत बस."

गिरणी तिच्या नवऱ्यानं, शेषेरावानं घातलेली. तो गेल्यावर वीस वर्षं तिनंच चालवली. इंजिनात तेल घालायचं, पट्टा ओढायचा, चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी मारायची, सगळं तिच्या हातचं. इंजिनाला दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपत नसे. टाकी मारताना पडलेली भुकटीसुद्धा ती झाडून तुळशीत घालायची. दळणाच्या दगडाची भुकटी उकिरड्यावर जात नसते, असा तिचा नेम.

आता घाई होती. तिचा मुलगा बजरंग यानं आपली मुलगी उज्वला भोकरच्या रामकिशनच्या घरात द्यायचं कबूल केलं होतं. मुलीबरोबर इंजिन आणि चक्की भोकरला जायची होती. पाव्हण्यांची अट एकच, गिरणी चालती बघायची. दोनदा ते आले आणि दोनदा आदल्याच दिवशी इंजिनानं मान टाकली. आता उद्या तिसरी खेप.

उज्वला दहावीत तालुक्यात पहिली आलेली. हेडमास्तर दोनदा घरी येऊन सांगून गेले होते, पोरीला लातूरला ठेवा, क्लास लावा, डॉक्टर होईल. बजरंगनं ऐकून घेतलं आणि सुपारीची तारीख काढली. उज्वलानं मग आजीचे पाय धरले. केवळाबाईनं पाय सोडवून घेतले.

"तुझ्या बापानं शब्द दिला," ती म्हणाली. "शब्द आपण मोडायचा न्हाई."

त्या दिवसापासून पोरगी तिच्याशी बोलत नव्हती.

खाजामियाँनं पहिल्या खेपेला तेलाला दोष दिला होता आणि तेल बदललं होतं. दुसऱ्या खेपेला क्रँक लातूरला नेऊन घासून आणला, तेलाच्या भोकात तार फिरवली. बजरंगचं म्हणणं वेगळंच, भूकंपात चौथऱ्याला तडा गेलाय, इंजिन कलतं बसतंय. म्हणून आज खाजामियाँनं लेव्हल लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. पट्टा सरळ, क्रँक गोल, तेल भरपूर.

मग त्यानं जळकं बेरिंग उन्हात धरलं. मऊ धातूत बारीक कण रुतून बसले होते. इंजिनाच्या पोटातलं तेल त्यानं चिमटीत घेऊन चोळलं. ते करकरलं.

"दगडाची भुकटी," तो म्हणाला. "पण आत गेली कशी?"

बजरंगनं उज्वलाकडं पाहिलं. दुपारी गिरणीत पुस्तक घेऊन तीच बसायची. तो हात उगारून उठला, तोवर केवळाबाई मध्ये उभी राहिली होती.

"माझ्या नातीवर आळ घेतलास तर तुझं दळण काढीन, बजरंग्या. टाकी मारताना भुकटी उडती. झाकण सैल असंल."

तेल घालायच्या तोंडावरचं झाकण तसं घट्ट होतं. तरी खाजामियाँनं त्यावर फडकं गुंडाळून सुतळीनं आवळलं आणि नवीन बेरिंग बसवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच केवळाबाईनं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. फडकं सोडून तेल घातलं, फडकं पुन्हा आवळलं, आणि कमरेची मिसरीची डबी हातात घेऊन ती दारात बसली. सून शिवगंगा चहा घेऊन आली. सारखी मिसरीची डबी हातात, तरी आत्याबाईंचे दात हल्ली जोंधळ्यासारखे पांढरे, पाव्हण्यांसाठीच का काय, असं ती म्हणाली. केवळाबाईनं चहा घेतला आणि तिला कामाला पिटाळलं.

इंजिन सकाळपासून चालू होतं. दुपारच्या यष्टीनं रामकिशन आला. चक्कीखालचं पीठ त्यानं तळहातावर घेतलं, मान डोलावली, आणि तेवढ्यात इंजिन ठोके द्यायला लागलं. मग धूर. मग सामसूम.

रामकिशननं हात झटकले. गिरणीला साडेसाती, तिच्याबरोबर येणारी लक्ष्मी आम्हाला नको, म्हणाला. चहाही न घेता निघाला. बजरंग हात जोडत मागं धावला.

केवळाबाई गिरणीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली.

"शब्द तुम्ही मोडला, पाव्हणं. आमच्या पोरीत खोट न्हाई. उद्या चारचौघांत हेच सांगा."

आठ दिवस बजरंगनं गावात तोंड दाखवलं नाही. नवव्या दिवशी आईनं त्याला उज्वलाची पेटी उचलायला लावली. क्लासची फी कोण भरणार, त्यानं विचारलं. गिरणी भरील, ती म्हणाली. गिरणी तर बंद हाय, तो म्हणाला. चालंल, ती म्हणाली. उज्वला लातूरच्या यष्टीत बसली. खिडकीतून आजीकडं तिनं बघितलं नाही.

खाजामियाँनं पुन्हा बेरिंग बसवलं. पंधरा दिवस गेले, दोन महिने गेले, इंजिन बिनतक्रार. शेवटी तो न बोलावता आला. इंजिनाला कान लावून उभा राहिला. तेल चोळून बघितलं, लोण्यासारखं मऊ. काहीच न बदलता दुखणं गेलं कसं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. वर दाढ ठणकत होती.

"काकू, चिमूटभर मिसरी द्या," तो म्हणाला.

केवळाबाईनं हात पदराला पुसले. मग कमरेची डबी काढून त्याच्या हातावर ठेवली.

खाजामियाँनं झाकण उघडलं. आतली भुकटी काळी नव्हती, राखाडी होती. त्यानं ती चिमटीत घेऊन चोळली. ती करकरली.

"जाता जाता तुळशीत घाल, खाजा," केवळाबाई म्हणाली. "आता लागायची न्हाई."