मंगळवारचा ओला चुना

"पाचव्यांदा विचारतो, पोरी. मंगळवारी दुपारी तू कुठं होतीस?"

निकोलोसा पाचव्यांदा गप्प बसली.

चौकशी वाड्याच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, रंगकाम चाललेल्या भिंतीसमोर भरली होती. दरबाराच्या दालनात कारभारी उगुच्चोनेचं प्रेत ठेवलेलं होतं, आणि त्याच्यासमोर त्याच्याच खुनाची चर्चा करणं ड्यूकना प्रशस्त वाटेना. मंगळवारी दुपारी कुणीतरी त्याला त्याच्या खोलीत मेणबत्तीच्या जड शमादानानं मारलं होतं. निळा झगा घातलेली एक बाई जिना चढताना मोलकरणीनं पाहिली होती. चेहरा दिसला नव्हता. पण चित्रकाराच्या या मुलीनं आदल्याच रविवारी, भर चर्चच्या पायरीवर, कारभाऱ्याच्या मागणीला उत्तर दिलं होतं, "त्यापेक्षा मी घंटेशी लग्न करीन. ती निदान वेळ झाल्यावरच बोलते." गावानं तो विनोद मानला, न्यायाधीशांनी पुरावा.

न्यायाधीश परगावचे होते. आमच्याकडं कायदाच तसा आहे. न्यायाधीशाला गावात नातलग नकोत, म्हणजे फाशी देताना त्याला संकोच होत नाही. दोर सकाळीच कोठारातून काढून ठेवला होता.

"गप्प राहणं म्हणजे कबुली," न्यायाधीश म्हणाले आणि लेखनिकाकडं वळले.

तेव्हा मागच्या बाकावरून तिचा बाप उठला. मास्त्रो पिएरांतोनियो. मास्त्रो ही आमच्या चित्रकारांच्या संघाची पदवी. ती नसेल त्यानं भिंतीला हात लावायचा नाही. आत शिरताना मुलीनं त्याला बजावलं होतं, "बाबा, काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही." पाच प्रश्न त्यानं ते पाळलं.

"ती भिंतीवर होती, महाराज," तो ड्यूकना म्हणाला.

"भिंतीवर तू होतास," ड्यूक म्हणाले. "करारात लिहिलंय. सर्व काम मास्त्रोच्या स्वतःच्या हातचं."

"मी फक्त करारात होतो."

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. आमच्याकडं ओल्या चुन्यावर रंगवतात. सकाळी दिवसभर पुरेल एवढाच गिलावा चढवायचा आणि संध्याकाळच्या आत रंगवून संपवायचा. जेवायला खाली उतरलं तरी चुना सुकतो आणि रंग धरत नाही. मंगळवारी सकाळी ड्यूकनी स्वतः येऊन नुसता ओला चुना पाहिला होता. बुधवारी सकाळी तिथं सेंट अ‍ॅन तीन शेजारणींसह उभी होती. म्हणजे ज्यानं ती रंगवली, त्यानं मंगळवारी दिवसभर परांचीवरून पाय खाली टाकलेला नव्हता.

म्हाताऱ्यानं उजवा हात पुढं केला. हात पानासारखा थरथरत होता.

"तीन वर्षं असाच आहे. आणि त्या सावल्यांच्या रेघा बघा. सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या. माझी पोर डावखुरी आहे."

ड्यूक भिंतीजवळ गेले. नाक चुन्याला लागेपर्यंत गेले. परत येऊन बसले.

"म्हणजे खोटा करार करून महाराजांना चुना लावलास!" न्यायाधीश ओरडले.

"भिंतीला लावला, हुजूर. तोही पोरीनंच."

कुणीतरी हसलं. निकोलोसा हसली नाही. तिचा चेहरा त्या चुन्यासारखाच पांढरा पडला होता, कारण पुढचा प्रश्न तिला ठाऊक होता. भिंत एकाच माणसाला वाचवू शकत होती. मंगळवारी दुपारी तिनं परांचीवरून खाली पाहिलं, तेव्हा बाबांचा नेहमीचा बाक रिकामा होता.

"ठीक आहे. ती वर होती," न्यायाधीश म्हणाले. मान बदलली तरी दोर तोच चालणार होता, त्यामुळं त्यांचं काही अडलं नव्हतं. "पण झगा काय, पुरुषही घालू शकतो. मग म्हाताऱ्या, तू कुठं होतास?"

"बाबा, गप्प बसा!"

पिएरांतोनियोनं मुलीकडं पाहिलं. ती बापाची अब्रू जपत नव्हती, फासापासून त्याचा गळा वाचवत होती, हे त्याला आत्ता कळलं.

"वेडी आहेस का गं?" तो हळूच म्हणाला. मग न्यायाधीशांना म्हणाला, "नोटरीला बोलवा."

नोटरी सेर बेत्तो कागद घेऊनच आला. मास्त्रो मंगळवारी मध्यान्हीच्या घंटेपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत त्याच्या मेजासमोर बसून होता. दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. दस्त चॅपेलच्या उद्घाटनादिवशी वाचायचा होता, तो आत्ताच वाचला गेला. ही भिंत माझी मुलगी निकोलोसा हिच्या हातची आहे, आणि यापुढचे करार तिच्या नावानं आणि पदवीनं व्हावेत.

उरला निळा झगा. तो शुक्रवारी कारभाऱ्याच्या लाडक्या पुतण्याच्या गादीखाली सापडला, रक्तासकट. तोवर पुतण्यानं रडण्यात काही कसूर ठेवली नव्हती. पण ते शुक्रवारचं. चौकशीच्या दिवशी न्यायाधीशांनी नोटरीचा कागद उजेडात धरला, उलटून पाहिला आणि शेवटचा प्रयत्न केला.

"दोन ओळींचा दस्त. त्याला सगळी दुपार लागते?"

"दोन ओळींना नाही लागली, हुजूर," सेर बेत्तो म्हणाला. "एका शब्दाला लागली. मास्त्रोचं स्त्रीलिंग. संघाच्या दोनशे वर्षांच्या वह्या चाळल्या, कुठं सापडेना. मग आम्ही दोघांनी बसून केलं."