कालिंदिनेला

"वाच, मोठ्याने वाच. तुझ्या वडलांनाही ऐकू दे," प्रोफेसर मनमोहन धैर्यवान म्हणाले आणि लंडनहून छापून आलेला लेख त्यांनी कालिंदीपुढे सरकवला.

कालिंदी सकाळीच तुरुंगातून सुटली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडली गेली आणि अख्खा पावसाळा आतच गेला. घरी भोईवाड्याला न जाता ती वडलांना घेऊन थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली होती. बुधाजी दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

तिने वाचलं. नव्या प्रजातीचं नाव होतं कालिंदिनेला.

"म्हंजे माज्या पोरीचं नाव?"

"हो तर! हा प्राणी जगात कुठेही सापडू दे, लोक त्याला तुमच्या मुलीच्याच नावाने ओळखणार."

बुधाजी पुढे आले आणि सरांच्या पायांशी वाकले. गेल्या वर्षी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून ते कुणा माणसापुढे वाकले नव्हते.

प्राणी त्यांच्याच चाळीच्या विहिरीतला होता. झिंग्याच्या गोतातला, पण रव्याच्या कणाहून लहान, पांढरा, बिनडोळ्यांचा. जमिनीच्या पोटातल्या पाण्यात राहायचा, कधीमधी बादलीबरोबर वर यायचा. पोरगी एम.एस्सी. होऊन पाणी गाळत बसते, म्हणून शेजारपाजार हसे. बुधाजी मात्र गिरणीतून दमून आले तरी तिला पाणी शेंदून देत. ती ते मलमलीतून गाळायची. सुईच्या टोकाने तिने त्या प्राण्याचा पाय न् पाय सुटा केला, सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्रं काढली. ही नुसती नवी जात नाही, जातीच्या वरची अख्खी नवी प्रजाती आहे, हे तिनेच ताडलं. लेखही तिनेच लिहिला. तो छापून आला की लेक्चररची जागा तुझीच, असं सर म्हणाले होते. सत्याग्रहाला जाण्याआधी तिने लेख त्यांच्या हाती दिला. वर दोन नावं होती. आधी तिचं, मग त्यांचं.

"सर, आपण भोईवाड्यावरून नाव द्यायचं ठरवलं होतं."

"मी बदललं. तुझ्या वयात एवढा मान कुणाला मिळालाय?"

तिने पहिलं पान काढलं. वाक्यं तिचीच होती. शीर्षकाखाली मात्र एकच नाव होतं.

"माझं नाव नाही, सर."

"कसं असेल?" सर समजुतीने म्हणाले. "प्राण्याला स्वतःचंच नाव देणं आपल्या शास्त्रात शोभत नाही. तू लेखिका राहिलीस, तर तुझा सन्मान मी करणार कसा?"