मधला कागद

राणी मेलेली मधमाश्यांची पेटी बबननं दुसऱ्या पेटीवर ठेवली आणि मधे वर्तमानपत्राचा कागद घातला. माश्या तो हळूहळू कुरतडतात, तोवर दोन्हींकडचा वास एक होतो. नाहीतर परक्या वासाच्या माशीला त्या मारूनच टाकतात.

मागे लेक उभी होती, मामाकडे जायची पिशवी घेऊन. आई जाऊन दोन महिने झाले होते, सावत्र आई येऊन दोन दिवस. आल्याआल्या तिनं हौसेनं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतलं; लेक रोज नाकावर ओढून झोपायची ती आईची गोधडीसुद्धा.

"तिला काय ठाऊक, बाळा?" तो म्हणाला.

"तिचं नाही चुकलं, बाबा. माश्यांसाठी कागद घालता, मग माझ्यासाठी का नाही घातलात?"

ती गेल्यावर त्यानं दोरीवरची गोधडी ओढून तोंडावर धरली. नुसता साबणाचा वास आला.