पाणमांजराच्या धडका

"आई, तू नुसती खेळ. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही," असं म्हणून लेक वही मांडीवर घेऊन पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसली. तिथून तिला खेळही दिसत होता आणि आईचे हातही.

डॉक्टरबाईंनी नाइलाजानं खेळाचा कंट्रोलर हातात घेतला. तीन रविवार त्यांनी ही वेळ टाळली होती. कधी डोकं दुखतंय, कधी पाहुणे येणार आहेत. पण लेकीनं आणि तिच्या चार सहकाऱ्यांनी दोन वर्षं खपून हा खेळ बनवला होता. त्याचा नमुना आता तयार होता, आणि जन्मात असलं काही न खेळलेलं माणूस तो पहिल्यांदा कसा खेळतं ते तिला बघायचं होतं. असं माणूस घरातच होतं. आता पळवाट उरली नव्हती.

त्यांचा उजवा हात चार महिन्यांपासून थरथरत होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती. दातांचा दवाखाना तीस वर्षांचा. बारीक काम हल्ली मदतनीस डॉक्टर करायची, आणि तिला कारण चष्म्याचं दिलं होतं. गेल्या गुरुवारी मात्र ड्रिल एका पेशंटच्या ओठाला ओझरतं लागलं. "तुम्ही हललात," असं त्या त्यालाच म्हणाल्या, आणि तो बिचारा वर सॉरी म्हणाला. ते आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटे. उद्या दहाला एका बाईंची अक्कलदाढ काढायची होती. लेकीला कळलं तर ती उद्याच दवाखान्याला कुलूप लावायला सांगेल. मग आपण दिवसभर करायचं काय? भिंती मोजायच्या?

पडद्यावर छत्री घेतलेलं एक गुबगुबीत पाणमांजर उभं होतं. कावळ्यांनी पळवलेलं घरचं सामान त्याला परत आणायचं होतं. घरातल्या लहानथोरांनी मिळून खेळायची मारामारी, त्यामुळे रक्त नाही की मरण नाही. छत्रीचा तडाखा बसला की कावळा धपकन पडायचा आणि कपाळ चोळत उठायचा. डॉक्टरबाईंनी कंट्रोलर मांडीवर गच्च दाबून धरला. तरी उजवा अंगठा ऐकेना. तो बटणावर थडथडत राहिला, आणि पाणमांजर उभ्या जागी उगाचच छत्रीची उघडझाप करत राहिलं. लेकीनं वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात पाणमांजर एका पिंपावर आपटलं आणि डॉक्टरबाईंना एकदम आठवलं. भावाच्या घरी भाची गाड्यांचा खेळ खेळत असताना त्यांनी एकदा तिच्या कंट्रोलरला हात लावून पाहिला होता. गाडी ठोकली की तो हातातल्या हातात थरथरायचा.

"अगंबाई, किती हलतं हे!" त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या.

लेक ठरल्याप्रमाणे नुसती बघत राहिली.

मग काय, डॉक्टरबाईंना मोकळं रानच मिळालं. पिंप दिसलं की आपट. कावळा आला की सरळ त्याच्या अंगावर जा. भिंत आली की दे धडक. धडकेनंतर हात खुशाल थरथरू द्यायचा. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो पदराखाली, पर्समध्ये, टेबलाखाली कुठेही लपवला नव्हता. जिवाला इतकं हलकं वाटलं की खेळाची मजाही यायला लागली. एका कावळ्यानं उशी पळवताना स्वतःच तिच्यात तोंड खुपसलं, तेव्हा तर त्या चक्क खो खो हसल्या.

लेकीचं पेन मात्र केव्हाच थांबलं होतं.

"आई, तू मुद्दाम आपटतेस का गं?"

"हो तर! आपटलं की हे हातात कसं थरथरतं, ते मला फार आवडलं. झकास केलंय हो तुम्ही. लिही, आईला सगळ्यात जास्त हेच आवडलं म्हणून."

लेकीनं लिहिलं नाही. वही मिटून खाली ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि आईचा उजवा हात कंट्रोलरसकट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आई," ती हळूच म्हणाली, "कंट्रोलर थरथरायची सोय आम्ही अजून घातलेलीच नाही."