आधी माझं घ्या

कळमनुरीच्या शिबिरात फुप्फुसाच्या कॅन्सरची शंका आहे का, ते रक्त तपासून बघत होते. चाळीस वर्षं बिड्या ओढलेला रामजी महिनाभर खोकत होता, पण सुई टोचून घ्यायला काही केल्या तयार होईना. शेवटी त्याच्या बायकोनं, जनकाबाईनं, स्वतःचा हात पुढं केला. "आधी माझं घ्या. मंग हे बी देतील." मग त्यानंही मुकाट्यानं रक्त दिलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. "काका, तुमच्या रक्तात तसं काही दिसत नाही. खोकल्याचं औषध देते, पण बिडी सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जनकाबाईनं हात जोडले आणि ती घरी जायला उठली.

"मावशी, बसा जरा. तुमच्या रक्तात एक प्रोटीन वाढलंय. नुसत्या त्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही, पण स्कॅन करावा लागेल."

रामजीला काही सुधरेना. "बाई, बिडी मी वढली. हिनं कधी हातात बी धरली न्हाई. मंग हिला काहून?"

"मावशी, स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर. लगीन झाल्यापासून."

"धुरानंही होऊ शकतं. पण असलंच काही, तर लवकर हाती लागलंय. इलाज होईल."

चारचौघांत रामजीनं कधी बायकोचा हात धरला नव्हता. आज धरला, तो सोडेचना. डोळ्यांतून धार लागली.

"रडून काहून राहिले?" पदरानं त्याचं तोंड पुसत ती म्हणाली. "तुमी धडधाकट हाव, तेच बरं झालं. माझ्याजवळ बसायला माणूस हाय की."